मदत हवी आहे: इंग्रजी 'टेक' कसं समजावू?

आभा_वाचते: उद्या सकाळी तास आहे, घाईत लिहितेय. 'टेक अ बस', 'टेक मेडिसिन', 'टेक अ फोटो', 'इट टेक्स टाइम', 'टेक ऑफ'. दरवेळी प्रश्न येतो, "यात हातात काय घेतलं?" यादी पाठ करून घेतली तरी पुन्हा 'ईट मेडिसिन'! एखादा सोपा नियम सांगा.

गिरगावकर: विद्यार्थी कोण? 'ईट मेडिसिन'वरून चिनी वाटतात, त्यांच्याकडे औषध खातात, 'छ् याओ'. चीनमधली शाळकरी मुलं असतील तर आधी नियम बघा. 2021 च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने परदेशातल्या शिक्षकांकडून मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेण्यावर बंदी घातली.

आभा_वाचते: चिनी बोलणारेच, पण तैवानचे. मोठी माणसं, कारखान्यातले इंजिनिअर. बंदीचा संबंध नाही. नियम सांगा ना कुणीतरी.

सुमेध_शेन्झेन: नियम शोधूच नका. चिनीत प्रत्येक ठिकाणी वेगळं क्रियापद आहे. हातात घ्यायला 'ना', बसने जायला 'त्स्वो' म्हणजे बसणे, फोटोला 'फाय', वेळ घालवायला 'ह्वा' म्हणजे खर्च करणे. 'टेक'चा अर्थ सांगितला की ते 'ना' धरून बसतात. बस, औषध, फोटो ही नामं घ्या आणि प्रत्येकाबरोबर अख्खं वाक्य बोलून घ्या.

गिरगावकर: अशी किती वाक्यं घोकणार? मूळ कल्पना द्या की काहीतरी आपण आपलंसं करतो. मराठीत नाही का आपण औषध घेतो, श्वास घेतो, निर्णय घेतो, सुट्टी घेतो?

सुमेध_शेन्झेन: अहो, मराठीचा आधार आपल्याला, तैवानच्या इंजिनिअरला काय? शिवाय मराठीतही फोटो काढतो, बस पकडतो, वेळ लागतो. परीक्षा तर आपण देतो, म्हणून आपल्याकडचे शिक्षकही 'गिव्ह द एक्झाम' म्हणतात. तिथेही 'टेक'च हवं.

मंदाताई: त्यापेक्षा 'ओपन' शिकवा! सिंगापूरला माझ्या शेजारणी 'ओपन द लाइट' म्हणतात. चिनीत दार उघडणे, दिवा लावणे, गाडी चालवणे, सगळ्याला 'खाय'.

आभा_वाचते: मंदाताई, 'ओपन' पुढच्या आठवड्यात. सुमेध, माझे विद्यार्थी बससाठी 'ता' म्हणतात, 'त्स्वो' नाही.

सुमेध_शेन्झेन: तैवानात 'ता' बरंच चालतं. म्हणजे बसण्याचा घोळ तुमच्याकडे कमी. पण 'ब्रिंग' आणि 'टेक'कडे बघा, खरी गंमत तिथे आहे. सोबत घेण्याला दोन्हीकडे 'ताय' एकच, पण पुढे 'लाय' लावलं की इकडे आणणे, 'छ्यू' लावलं की तिकडे नेणे. 'ताय-लाय' म्हणजे 'ब्रिंग', 'ताय-छ्यू' म्हणजे 'टेक'. त्यांच्या भाषेत फरक आहेच, तो दाखवून द्या.

गिरगावकर: हे पटलं. आणणे-नेणे आपल्याकडेही तसंच आहे.

आभा_वाचते: उद्या याच जोडीने सुरुवात करते. आणि 'टेक ऑफ'?

सुमेध_शेन्झेन: उद्या नको. कपडे काढायला 'थ्वो', विमान उडायला 'छी-फेइ', दोन्ही वेगळे. स्वतंत्र तास ठेवा.

मंदाताई: इंजिनिअर चिपच्या कारखान्यातले का? माझ्या भाच्याला तिकडे नोकरी हवी आहे. कुठे अर्ज करतात?