ठासणीच्या रायफलची माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) कशी जुळवायची?

परभणीकर:
लायसन वारसानं माझ्या नावावर झालंय, ठासणीची रायफल हाय (तोंडाकडून दारू-गोळी ठासायची), नेम धरायला उघडी साइट, दुर्बीण नाही. रेंजवर ५० मीटरवरून मारून बघायलो तर गोळ्या एकाच जागी पडायल्या पण टार्गेटच्या मध्यापासून २० सेंटीमीटर खाली अन् थोड्या डावीकडं. मागची साइट वरखाली होत नाही, नुसती आडवी सरकती. काय करावं?

अंबडचा नाना:
गोळ्या एका जागी पडायल्या म्हणजे बंदूक चांगलीय भाऊ. गोळी खाली लागायली तर पुढची माशी घासून बुटकी करायची, वर लागत असती तर उंच माशी बसवावी लागली असती. मागची साइट उजवीकडं सरकवा, गोळी जिकडं न्यायची तिकडंच. पितळी दांड्यानं हळू ठोका.

लातूरवाला:
नानांचं बरोबर. हिशेब असा, चूक गुणिले दोन्ही साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर. साइटमधी ७० सेंटीमीटर धरलं तर माशी २.८ मिलिमीटर कमी करायची असं निघतंय, पण एकदम घासू नका राव, थोडं घासा अन् मारून बघा, गेलेलं लोखंड परत येत नाही. अन् कानस हातात घ्यायच्या आधी काळ्या दारूचं माप पक्कं करा, दर वेळी तेवढीच दारू, तीच गोळी, गोळीभोवती तीच चिंधी, प्रत्येक बार उडवल्यावर नळी पुसायची, ह्यातलं एक जरी बदललं तर गोळी दुसरीकडंच जाती मग माशी घासून काय फायदा.

परभणीकर:
दारू अंदाजानंच टाकायलो होतो, आता मापानं बघतो.

अंबडचा नाना:
अन् काम करायच्या आधी ठासायचा गज घालून नळी रिकामीय का बघा, दारू पेटवायची टोपी काढलेली असली तरी.