लॅपटॉप १४ इंची का १५.६? अन् २५६ जीबी जागा पुरते काय?

दारव्हेकर: गावात सातबारा, पीकविम्याचे फॉर्म भरून देतो. डेस्कटॉप विंडोज १० वरच अडकला, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लाईन गेली की अर्धा भरलेला फॉर्म जाते, म्हणून लॅपटॉपच पाहिजे. कोणता घेऊ? जुन्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या पीडीएफ अन् पोराच्या लग्नाचा व्हिडिओ आहे.

सेतूवाला: १५.६ घ्या भाऊ. दिवसभर आधार नंबर, खाते नंबर! बहुतेकांत उजवीकडे नंबरपॅड येते, १४ इंचीत सहसा नसते.

वावरकर: गाडीवर नेत असाल तर १४च बरा. यूएसबी नंबरपॅड वेगळा मिळते.

कीबोर्डवाला: २५६ घेतला तर विंडोजात २३८च दिसते, त्यातही विंडोज अन् अपडेट जागा खातात. ५१२ घ्या. पण पैसे तोकडे असतील तर आधी रॅम (चालू कामाची मेमरी) पाहा. कित्येक मॉडेलात ती बोर्डालाच जोडलेली असते, मागून वाढत नाही. एसएसडी (फायली साठवायची डिस्क) बहुधा बदलता येते. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये टाका, लग्न तिथंच राहू द्या. एक कॉपी दुसरीकडंही ठेवा, वहिनी विचारतीलच.

दारव्हेकर: दुकान सोडून जातो कुठं मी! १५.६, ५१२. रॅम विचारतो उद्या यवतमाळले.