मित्र नागपूर जेलमध्ये, वरून मध्य प्रदेशातले दोन वॉरंट. जामीन आत्ताच भरावा काय?

वाडी_ट्रान्सपोर्ट:
मंडळी, माझा शाळेपासूनचा दोस्त सध्या सेंट्रल जेलमध्ये एमसीआरवर, म्हणजे न्यायालयीन कोठडीत आहे. नागपूरजवळच्या वाडीतून ट्रक चालवतो. धाब्यावर भांडण झालं, समोरच्याचा हात मोडला, गुन्हा लागला. वकील म्हणतात, या केसमध्ये जामीन होऊन जाईल.

खरी भानगड पुढे आहे. त्याचं गाव मध्य प्रदेशात, सौंसरकडचं. मागे छिंदवाडा कोर्टानं त्याला मारहाणीत दोषी धरलं, पण शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. अशा सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे हजेरी लावायची होती. मधात वडील वारले, घर याच्यावर आलं, हा इकडे गाडीवर लागला आणि हजेरी सुटली ती सुटलीच. आता छिंदवाड्याचं वॉरंट आहे. सौंसर कोर्टाचंही एक आहे, दुसऱ्या केसमध्ये तारखेला गेला नाही म्हणून.

मुलाखतीत तो एकच म्हणून राहिला, "तू जामीन कर, बाहेर आलो की मी सगळं निस्तरतो." त्याची आई, मी तिला मावशी म्हणतो, कानातले मोडायला निघाली आहे. मावशीनं रुमालात बांधून माझ्या हातात ठेवले, मी तसेच परत केले. उद्या जामीन भरला आणि गेटवरूनच एमपीचे पोलीस घेऊन गेले तर त्या बाईला मी काय तोंड दाखवू? त्याची बाजू सोडणार नाही, पण नेमकं करायचं काय ते सांगा.

सिव्हिल_लाइन्स_वकील:
भाऊ, कानातले परत केले ते योग्य केलं. जामिनाचा अर्ज चालू द्या, ऑर्डर होऊ द्या. पण ती वॉरंटं बाकी असताना जामीनदार उभा करायची घाई करू नका.

वॉरंट ज्या कोर्टानं काढलं, तेच कोर्ट ते रद्द करू शकतं. नागपूरच्या कोर्टाच्या हातात ते नाही. म्हणून छिंदवाडा आणि सौंसर दोन्हीकडे स्थानिक वकील लागेल. त्यांनी तिथे अर्ज देऊन कळवायचं की आरोपी फरार नाही, नागपूर जेलमध्ये आहे, त्याला प्रोडक्शन वॉरंटवर, म्हणजे कैद्याला जेलमधून कोर्टात हजर करायच्या हुकमावर बोलवा. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 302 मध्ये आहे, आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम 267 होतं. मग पोलीस गार्ड त्याला कोर्टात नेतो आणि परत आणतो.

हे लवकर का करायचं, ते नीट समजून घ्या. कच्च्या कैदेचे, म्हणजे निकालाआधी आत काढलेले दिवस पुढे शिक्षेतून वजा होतात, याच संहितेचं कलम 468. पण ज्या केसमध्ये त्याची अटकच दाखवलेली नाही, त्या केसच्या हिशेबात ते दिवस येत नाहीत. तो आज जेलमध्ये काढतो आहे ते दिवस सौंसरच्या केसमध्ये सध्या शून्य आहेत. आणि कोणी म्हटलं की जास्तीत जास्त शिक्षेची अर्धी किंवा एक तृतीयांश मुदत आत काढली की आपोआप सुटतो, तर विसरा. एकाहून जास्त केसेस पेंडिंग असतील तर कलम 479 ची ती सवलत मिळत नाही.

आता प्रोबेशन. 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याचं कलम 9 वाचा. अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं, हे खरं. पण पहिल्यांदाच मोडली असेल तर बाँड चालू ठेवून 50 रुपयांपर्यंत दंड करून सोडायचीही तरतूद त्याच कलमात आहे. कोर्ट कुठे झुकेल हे बरंचसं कागदांवर ठरेल: वडिलांचा मृत्यू दाखला, ट्रान्सपोर्ट मालकाचं पत्र, नागपूरच्या खोलीचं भाडेपत्र. तो पळाला नव्हता, पोटासाठी आला होता, हे त्यातून दिसू द्या. बाँडला जामीनदार कोण होता तेही शोधा, त्याच्या नावानंही समन्स निघू शकतं.

मानेवाडा_ताई:
दादा, माझा भाऊ असाच अडकला होता, बालाघाटच्या वॉरंटमध्ये. कायद्याचं वकील साहेबांनी सांगितलं, मी बाकीचं सांगते.

वकीलपत्रावर सही जेलमध्येच होते, कार्यालयातून प्रमाणित होऊन कागद परत येतो. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन्ही कोर्टांची वकीलपत्रं एकदमच पाठवा. वकिलाला पैसे नसतील तर कैद्याला सरकारी वकिली मदत फुकट आहे, उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्याचं कलम 12 आहे. 15100 वर फोन लावा, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. छिंदवाड्यालाही असंच कार्यालय आहे.

मुलाखतीत केसवरच बोलू नका. माझ्या भावाला गावात पाऊस पडला काय, गाय व्याली काय, हे ऐकायचं असायचं. आम्ही वकिलाच्या गोष्टी सांगत बसायचो आणि वेळ संपायची. शेवटी मी केसचं सगळं पोस्टकार्डावर लिहून पाठवायला लागले आणि मुलाखत घरच्या बोलण्याला ठेवली. मग तो जेवायला लागला. कँटीनसाठी थोडे पैसे नियमित भरा, एकदम जास्त नको. बीपी-शुगरची गोळी असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जेलच्या दवाखान्यात द्या.

आणि मावशीला सगळं खरं सांगा. आम्ही आईला "पुढच्या तारखेला सुटतो" म्हणत राहिलो, ती प्रत्येक तारखेला पुरणाची तयारी करून ठेवायची. फार वाईट वाटायचं ते.

वाडी_ट्रान्सपोर्ट:
ताई, साहेब, मनापासून आभार. आज मावशीजवळ बसून सगळं सांगितलं. रडली, मग स्वतःच पेटीतून मृत्यू दाखला काढून दिला. मालकही पत्र द्यायला तयार आहे. एक विचारतो, छिंदवाड्याच्या प्रोबेशन अधिकाऱ्याला मी आधी जाऊन भेटलो तर चालते काय?

सिव्हिल_लाइन्स_वकील:
चालतं, पण तिथला वकील सोबत ठेवा. कोर्ट प्रोबेशन अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवू शकतं, आणि बाँडच्या अटी बदलायच्या तर कलम 8 खाली अर्जही त्यांच्याकडूनच जातो. हजेरीची सही नागपुरात चालावी, ही विनंती तेव्हाच लेखी द्या. सौंसरच्या केसचा नंबर मिळाला की इथे टाकू नका, मला मेसेज करा.