‘व्हेटरन्स डे’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकेत ११ नोव्हेंबरला पाळल्या जाणाऱ्या ‘व्हेटरन्स डे’साठी मराठीत ‘शहीद दिन’, ‘युद्धवीर दिन’ आणि ‘माजी सैनिक दिन’ असे तीन पर्याय सुचतात. माझ्या मते त्यांतला शेवटचाच योग्य आहे. धारातीर्थी पडलेल्यांच्या स्मरणासाठी तिथे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ‘मेमोरियल डे’ असतो, तर नोव्हेंबरमधला हा दिवस मुख्यतः हयात असलेल्यांचे ऋण मानण्यासाठी आहे. ‘युद्धवीर’ हा शब्द भारदस्त खरा, पण ज्याने शांततेच्या काळात सैन्यात नोकरी केली आणि रणांगण कधी पाहिलेच नाही, तोही तिथल्या कायद्याने व्हेटरनच ठरतो. मूळ लॅटिन शब्दात ‘जुना’ हा अर्थ असला, तरी येथे वयाचा संबंध उरलेला नाही. पंचविशीत सेवा संपवून घरी परतलेली तरुणीही व्हेटरनच असते.

‘शहीद’ हा शब्द मात्र उगाच सुचत नाही. १९१८ साली याच तारखेला सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धातल्या पश्चिम आघाडीवरच्या तोफा थंडावल्या आणि पुढच्या वर्षापासून हा ‘युद्धविराम दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. दुसरे महायुद्ध आणि कोरियातले युद्ध होऊन गेल्यावर एकाच युद्धाशी बांधलेले हे नाव तोकडे पडू लागले, तेव्हा १ जून १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नावबदलाच्या कायद्यावर सही केली. नाव बदलले तरी विधी जुनाच राहिला. आजही अकराच्या ठोक्याला आर्लिंग्टन येथील लष्करी दफनभूमीत अनाम सैनिकाच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले जाते आणि बिगुलावर ‘टॅप्स’ ही सैनिकांच्या अंत्यविधीत वाजवली जाणारी धून वाजते, ते दृश्य पाहून बातमी लिहिणाऱ्याच्या लेखणीतून ‘शहीद’ उतरणे स्वाभाविकच आहे.

या तारखेवर लोकांचा किती जीव आहे, तेही पाहण्यासारखे आहे. जोडून सुट्टी मिळावी म्हणून १९७१ पासून हा दिवस ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी नेण्यात आला. परंतु अनेक राज्यांनी जुनी तारीख सोडली नाही आणि १९७८ पासून ११ नोव्हेंबर पुन्हा कायम झाला.

राहिला प्रश्न विभक्तीचा. इंग्रजी नावात मालकी दाखवणारे चिन्ह मुद्दाम घातलेले नाही, कारण हा दिवस माजी सैनिकांच्या मालकीचा नसून त्यांच्या सन्मानाचा आहे, अशी तिथली अधिकृत भूमिका आहे. म्हणून मराठीतही ‘माजी सैनिकांचा दिन’ असे न लिहिता, षष्ठीचा प्रत्यय टाळून, ‘माजी सैनिक दिन’ असेच लिहावे.