मदत हवी आहे: मागच्या अंगणात मोठा काळा पक्षी ढीग लावतोय, कसा घालवायचा?

मृणाल_के | २२ ऑगस्ट, रात्री ९:४०
लवकर उत्तर हवं आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. आम्ही ऑस्ट्रेलियात राहतो. मागच्या अंगणात एक मोठा काळा पक्षी येतो आणि पालापाचोळा, मल्च (झाडांभोवती मातीवर पसरलेलं आच्छादन), माती, सगळं पायांनी मागे उडवत एका कोपऱ्यात नेऊन ढीग लावतो. मेथीचा वाफा पूर्ण उपटला. कढीपत्त्याच्या कुंडीतली मातीसुद्धा उकरून काढली. हाकललं की कुंपणावर जाऊन बसतो, आम्ही आत आलो की परत कामाला लागतो. ढीग फावड्याने मोडून पसरला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा उभा! गणपतीत घरी माणसं येणार आहेत, अंगणातच पंगत करायची आहे. काय केलं की हा जाईल? कुणी पकडून नेणारं असतं का? असेल तर सांगा.

पार्ल्याचा_संजू | २२ ऑगस्ट, रात्री ९:५८
मॅगपाय (इथला काळा-पांढरा पक्षी) आहे, दुसरं काही नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यांचा हंगाम. घाबरू नका, सगळे मॅगपाय हल्ला करत नाहीत. करतात ते बहुतेक नर, आणि तेही साधारण दहातला एखादाच, घरट्यात अंडी-पिल्लं असताना. घरट्यापासून शंभरेक मीटरच्या आत गेलं की झेप घेतात. सायकलवर असाल तर उतरून चालत जा. छत्री, टोपी, गॉगल वापरा. हेल्मेटला प्लास्टिकचे टाय लावून काट्यांसारखे उभे करतात, त्याचा फार उपयोग होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला त्रास देऊ नका. ते माणसाचा चेहरा ओळखतात आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

मृणाल_के | २२ ऑगस्ट, रात्री १०:०५
संजूदादा, मॅगपाय नाही हो. मॅगपाय रोज बघते. हा कोंबड्यापेक्षा मोठा आहे.

रानवाटा | २२ ऑगस्ट, रात्री १०:२१
डोकं-मान बोडकी आणि लाल, गळ्याशी पिवळी झालर, शेपूट पंख्यासारखी पण उभी? मग हा ब्रश टर्की, आणि ढीग लावतोय म्हणजे नर. थोडी माहिती द्या म्हणजे नीट सांगता येईल:
कुठलं शहर? राज्याप्रमाणे नियम बदलतात.
घर स्वतःचं की भाड्याचं?
ढीग आत्ता केवढा आहे, आणि सावलीत आहे का?
आत हात घातला तर ऊब लागते का?
पिवळी झालर फारशी नसलेला दुसरा पक्षी ढिगावर उकरताना दिसला का?

मृणाल_के | २२ ऑगस्ट, रात्री १०:३०
हो, लाल डोकं, पिवळी झालर. गुडघ्याएवढा ढीग आहे. ऊब कशाला बघायची? मला तो घालवायचा आहे.

दांडेकर_काका | २३ ऑगस्ट, सकाळी ६:४५
बाळ, सोपं आहे. पिंजरा आणायचा, आत ब्रेड ठेवायचा, पकडला की गाडीत घालून लांबच्या जंगलात सोडायचा. आमच्या शेजाऱ्याने पूर्वी असंच केलं होतं. पक्ष्यालाही बरं, आपल्यालाही बरं.

रानवाटा | २३ ऑगस्ट, सकाळी ७:१०
काका, कृपया असं सुचवू नका. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड दोन्हीकडे हा संरक्षित पक्षी आहे, अंडीही संरक्षित. परवान्याशिवाय पकडणं गुन्हा आहे. शिवाय उपयोग शून्य. चांगली सावली आणि पालापाचोळा असलेली जागा रिकामी झाली की दुसरा नर येतो. आणि लांब सोडलेल्या पक्ष्याचं काय? तिथे आधीच दुसऱ्या नराचा इलाखा असतो.

दांडेकर_काका | २३ ऑगस्ट, सकाळी ७:३२
कायदा मला मान्य आहे. पण मुलीची भाजी गेली, बाग गेली, तिनं नुसतं बघत बसायचं का? माणसाच्या कष्टाचीही काही किंमत आहे.

विवेक_ब्रिस्बेन | २३ ऑगस्ट, सकाळी ८:०५
आरसा! मृणाल, बाकी सगळं सोडा आणि ढिगाच्या कडेला जुना उभा आरसा टेकवून ठेवा, त्याला स्वतःचं रूप दिसेल असा. आत दुसरा नर आहे असं वाटून तो त्याच्याशीच भांडत बसतो आणि ढिगाचं काम थांबतं. आमच्याकडे द गॅप या उपनगरात घरोघरी हे पक्षी आहेत. मी आरसा लावला, त्यानं ढीग सोडला. बाकीचे उपाय म्हणजे पैसे वाया.

सई_पेनंटहिल्स | २३ ऑगस्ट, सकाळी ८:४०
आमच्याकडे आरशाचा काही उपयोग झाला नाही. चार दिवस चोची मारल्या, मग आरशाकडे पाठ करून काम सुरू. आम्हाला जाळीने वाचवलं. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, खिळ्यांनी पक्की करायची, वर मल्च. त्याचे पाय अडकायला लागले की तो ती जागा सोडतो. रोपांभोवती नदीतले मोठे गोटे टाका. गोटे त्याला उडवता येत नाहीत.

विवेक_ब्रिस्बेन | २३ ऑगस्ट, सकाळी ९:०२
आरसा चुकीच्या कोनात लावला असणार. जमिनीला टेकलेला हवा.

सई_पेनंटहिल्स | २३ ऑगस्ट, सकाळी ९:१५
टेकलेलाच होता. प्रत्येक नर सारखा नसतो, एवढंच म्हणते.

अरुंधती_मेल | २३ ऑगस्ट, सकाळी १०:२०
मेलबर्नमध्ये हा पक्षी नाही त्यामुळे अनुभव नाही, पण कढीपत्त्याबद्दल सांगते. कुंडीतली माती काढली असेल तर मुळं उघडी ठेवू नका. लगेच नवीन माती भरा, थंडी संपेपर्यंत कुंडी उत्तरेच्या भिंतीशी उन्हात ठेवा, खत आत्ता देऊ नका. सप्टेंबरअखेर नवी पालवी फुटली की द्या. माझं झाड दोन हिवाळे पानं गाळून परत आलं आहे.

मृणाल_के | २३ ऑगस्ट, दुपारी १:१०
धन्यवाद अरुंधतीताई, माती भरली. बाकीच्यांना: आम्ही थॉर्नलीला, सिडनी. घर भाड्याचं. कोपऱ्यात कापराचं मोठं झाड आहे, त्याच्याखालीच ढीग. आज सकाळी दुसरा एक पक्षी होता, जरा लहान, झालर बारीकशी. दोघं मिळून उकरत होते. नंतर नरानं त्याला हाकललं. म्हणजे काय?

रानवाटा | २३ ऑगस्ट, दुपारी १:४८
म्हणजे मादी यायला लागली आहे. आता फावडं बाजूला ठेवा.

थॉर्नलीच्या मागे बेरोरा व्हॅलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून हे पक्षी कुंपणं ओलांडून येतात. हा ढीग म्हणजे त्यांचं घरटं. कोंबडीसारखं अंगाखाली घेऊन ते अंडी उबवत नाहीत. ढिगातला ओला पाला कुजतो, त्यातून उष्णता निघते आणि त्या उष्णतेवर अंडी उबतात. नर रोज चोच आत खुपसून उष्णता पाहतो. साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सियस ठेवतो. जास्त झाली की वरचा पाला काढतो, कमी झाली की घालतो. ऊब म्हणून विचारली होती. गुडघ्याएवढा ढीग अजून कच्चा आहे. पूर्ण झाला की एक ते दीड मीटर उंच आणि चारेक मीटर रुंद होतो, त्यात काही टन माल असतो. एकाच ढिगात अनेक माद्या अंडी घालतात. राखण मात्र एकटा नर करतो, कितीतरी महिने. घोरपडी अंडी खायला आल्या तर त्यांच्या तोंडावर माती उडवतो.

तुम्ही मोडलेला ढीग दुसऱ्या दिवशी उभा राहिला त्याचं कारण हेच. त्याचा सगळा हंगाम त्या ढिगावर अवलंबून आहे.

कापराचं झाड दाट सावलीचं, बारमाही हिरवं, म्हणून त्यानं ती जागा निवडली. सावलीत पाला ओला राहतो.

खगमित्र_पुणे | २३ ऑगस्ट, दुपारी २:३०
मी पुण्यात असतो, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. असा ढीग करणारा पक्षी भारतातही आहे, निकोबार बेटांवरचा मेगापोड. तो समुद्रकाठच्या जंगलात वाळू आणि पाल्याचा ढीग करतो. २००४ च्या त्सुनामीत त्याचे किनाऱ्यालगतचे असंख्य ढीग वाहून गेले. ग्रेट निकोबारवरच्या गॅलेथिया बेचं अभयारण्य त्याच्यासाठी आणि समुद्री कासवांसाठी महत्त्वाचं, आणि २०२१ मध्ये त्याचा दर्जाच काढून घेतला. तुमच्या अंगणात त्याचा नातेवाईक स्वतःहून घर बांधतोय, आणि आम्ही इथे त्याच्या भावंडाला जागा उरावी म्हणून अर्ज लिहितोय. जमलं तर राहू द्या.

दांडेकर_काका | २३ ऑगस्ट, दुपारी ३:०५
निकोबारचं दुःख खरं आहे, पण तिनं पंगत कुठे वाढायची हा प्रश्न आहे.

कुणाल_वेंटी | २३ ऑगस्ट, दुपारी ४:१२
काउन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) फोन करा. काउन्सिल काढून नेतं.

सई_पेनंटहिल्स | २३ ऑगस्ट, दुपारी ४:३०
खाजगी अंगणातला ब्रश टर्की काउन्सिल काढून नेत नाही, कुणाल. आम्ही विचारून पाहिलं, त्यांनी माहितीपत्रक पाठवलं.

मृणाल, एक विचारते, राग मानू नकोस. बाहेर काही खायला ठेवता का? कुत्र्याचं, मांजराचं, कोंबड्यांचं?

मृणाल_के | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०
कुत्रा-मांजर नाही. सासूबाई रोज सकाळी अंगणाच्या कठड्यावर कावळ्यांसाठी भाताची मूठ ठेवतात. त्या इकडे आल्यापासून. ते टर्कीसाठी नाही.

पार्ल्याचा_संजू | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४१
हेच कारण! भात बंद करा. रानटी प्राण्यांना खायला घालू नये हे इथे सगळीकडे सांगतात. उंदीरही येतात.

शुभांगी_जोशी | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०३
संजू, त्या बाईंचं वय काय असेल, परक्या देशात त्यांची सकाळ कशी जात असेल, याचा थोडा विचार करा. काकबळी ठेवणं ही त्यांची रोजची पूजा आहे. ‘बंद करा’ म्हणणं सोपं असतं.

पार्ल्याचा_संजू | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१९
मी कुणाच्या पूजेविरुद्ध नाही. माणसाचं खाणं, विशेषतः ब्रेड, पक्ष्यांच्या पोटाला चांगलं नाही, हे खरं आहे की नाही?

रानवाटा | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०
खरं आहे. पण ढीग भातामुळे नाही, सावली आणि मल्चमुळे आहे. भात बंद केला तरी तो ढीग लावेल. भातामुळे एवढंच होतं की तो माणसाला घाबरेनासा होतो आणि घराजवळ घोटाळतो. मृणाल, सासूबाईंना चार शितं पुरत असतील तर तेवढीच ठेवू दे, शेजारी पाण्याचं पसरट भांडं. अर्ध्या तासाने उरलेलं उचलायचं. पाणी सगळ्याच पक्ष्यांना लागतं, आणि दानाचं समाधानही मिळतं.

नवा_आलोय | २३ ऑगस्ट, रात्री ८:१५
अवांतराबद्दल क्षमस्व. आमच्याकडे पांढरे कॉकाटू (काकाकुवा) कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनचं झाकण चोचीने उघडतात. हे सगळीकडे होतं का?

विवेक_ब्रिस्बेन | २३ ऑगस्ट, रात्री ८:२८
सिडनीची खासियत आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर संशोधन आलं. २०१८ च्या आधी फक्त तीन उपनगरांतून अशी नोंद होती, २०१९ संपेपर्यंत ४४ मधून. एकमेकांचं पाहून शिकतात. झाकणावर वीट ठेवली तर काही जण वीटही ढकलतात. पट्टा लावा.

मृणाल_के | २३ ऑगस्ट, रात्री ८:४०
कॉकाटूसाठी कृपया वेगळा धागा काढा. मला अजून उत्तर मिळालेलं नाही. ढीग राहणार असेल तर मेथीचं आणि पंगतीचं काय करू ते सांगा. आणि अंडी आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं?

रानवाटा | २३ ऑगस्ट, रात्री ९:१५
अंडी आहेत का हे उकरून बघू नका. हात आत घातल्यावर स्पष्ट ऊब लागत असेल आणि मादी येत असेल, तर आहेत असं धरून चाला. तशी असतील तर ढीग हलवायला परवाना लागतो. नॅशनल पार्क्सच्या कार्यालयात विचारा, ते फोनवर नीट सांगतात.

ढीग अजून थंड असेल तर आजच करायचं काम: ढिगावर जाड ताडपत्री घाला, कडा विटांनी दाबा, कापराच्या खालच्या फांद्या छाटून ऊन येऊ द्या. फांद्या छाटण्याआधी एजंटला विचारा, घर भाड्याचं आहे. काही झाडांना काउन्सिलची परवानगीही लागते.

आणि त्याला दुसरी जागा द्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. अंगणाच्या अगदी मागे, कुंपणापाशी सावलीत, गवत-पाला-स्वयंपाकघरातल्या सालींचा कंपोस्टचा ढीग करा. त्याला आयतं साहित्य मिळालं तर तो तिकडे वळू शकतो. नुसतं अडवलं तर तो शेजारच्यांकडे जाईल, मग ते अडवतील.

सई_पेनंटहिल्स | २३ ऑगस्ट, रात्री ९:३०
मेथीसाठी: लाकडी चौकटीत, कमरेएवढ्या उंचीवर वाफा, वरून जाळीचं झाकण. माझ्याकडे एक जादा चौकट आहे. थॉर्नली मला दहा मिनिटांवर, शनिवारी आणून देते.

मृणाल_के | २४ ऑगस्ट, सकाळी ७:२५
हात घातला. गरम आहे. चांगलाच गरम.

रानवाटा | २४ ऑगस्ट, सकाळी ७:४०
मग ढीग आहे तिथेच. ताडपत्री नको. त्याच्याभोवती दीड-दोन मीटर जागा सोडा, उरलेल्या अंगणात जमिनीवर जाळी आणि गोटे. त्याला लागणारा पाला त्या कोपऱ्यातच टाकत जा, म्हणजे तो वाफ्याकडे येणार नाही. पंगत घराच्या बाजूला लावा.

मृणाल_के | ६ सप्टेंबर, रात्री ८:५०
सईताईंची चौकट आली, मेथी परत पेरली, कोंब आले आहेत. एजंटला मेल करून फोटो पाठवले, मालक म्हणाले राहू दे. कापलेलं गवत आम्ही त्याच्या कोपऱ्यात टाकतो, सासूबाई निर्माल्यही तिथेच घालतात. ढीग छातीएवढा झाला आहे. पंगत पुढच्या बाजूला, गॅरेजसमोर करणार आहोत. पिल्लं कधी निघतील?

रानवाटा | ६ सप्टेंबर, रात्री ९:२०
अंडं घातल्यापासून साधारण ५० दिवस. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, एकेक करून, उन्हाळाभर. पिल्लू एकटंच उकरून वर येतं, पूर्ण पिसांसह, आणि काही तासांत उडू शकतं. आई-बाप सांभाळत नाहीत, हे नैसर्गिक आहे. एकटं दिसलं म्हणून उचलून घरात आणू नका. वायर्सकडे (जखमी वन्यप्राण्यांना मदत करणारी संस्था) लोक ‘टाकून दिलेलं पिल्लू’ म्हणून नेतात, ते टाकलेलं नसतं. जखमी असेल तरच वायर्सला कळवा. शेजाऱ्यांना मांजर रात्री आणि पहाटे आत ठेवायला सांगा. सगळ्यात जास्त पिल्लं मांजरं आणि कोल्हेच मारतात.

आणि ‘बिग सिटी बर्ड्स’ हे ॲप घ्या. त्यात या ढिगाची नोंद करा, संशोधकांना उपयोग होतो.

मृणाल_के | ६ सप्टेंबर, रात्री ९:३१
नोंद आत्ताच केली. डाव्या शेजाऱ्यांकडे दोन मांजरं आहेत, उद्या प्रसाद घेऊन जाते तेव्हा बोलते.

दांडेकर_काका | ७ सप्टेंबर, सकाळी ६:५०
पिल्लू दिसलं की फोटो टाक ग.