मदत हवी आहे: टेनिस एल्बो, पण पोळ्या थांबवता येत नाहीत

उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी 3 महिने ठणका आहे. रोज 150 पोळ्यांची ऑर्डर असते. लाटणं एकवेळ जमतं, पण कणीक तिंबताना आणि ओला फडका पिळताना जीव जातो. चहाचा कप उचलला तरी कळ मनगटापर्यंत. मुंग्या नाहीत, कोपर पूर्ण सरळ होतं, एक्स-रे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो (रॅकेट जन्मात धरलेली नाही!). बर्फ, जेल, फिजिओच्या 10 सिटिंग झाल्या, आराम तेवढ्यापुरता. डायबेटिस असल्याने स्टिरॉइडचं इंजेक्शन शक्यतो नको. सध्या व्यायाम म्हणून अर्ध्या लिटरची भरलेली बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडते, तेव्हा थोडं दुखतं. एवढं दुखणं चालतं का? आणि टेनिस एल्बोसाठी हाताला बांधतात तो पट्टा नेमका हाडावर बांधायचा की दोन बोटं खाली?