मोठ्या सामन्यांतील प्रेक्षकांची सुरक्षितता: बंदोबस्ताखेरीज आणखी काय पाहावे?

प्रश्न

एका मोठ्या फुटबॉल स्पर्धेच्या संयोजन समितीत प्रेक्षकव्यवस्थेची जबाबदारी माझ्याकडे आहे. अंतिम सामन्याला मैदान पूर्ण भरेल अशी चिन्हे आहेत आणि एकट्या पूर्वेकडील स्टँडमध्ये 6,000 प्रेक्षक असतील. आतापर्यंतच्या बैठकांत पोलीस बंदोबस्त, कॅमेरे, प्रवेशद्वारावरील झडती आणि मैदानात कोणी उतरू नये म्हणून स्टँडसमोर घालायचे उंच जाळीचे कुंपण, एवढ्यावरच चर्चा झाली आहे. प्रेक्षक बेशिस्त वागतात आणि घाबरून पळत सुटतात म्हणून चेंगराचेंगरी होते, असे बहुतेक सदस्यांचे मत आहे. मला ते पटत नाही, पण बैठकीत मांडता येईल असे ठोस काही हाताशी नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

आपली शंका रास्त आहे, आणि ती मांडण्यासाठी हिल्सबरोच्या दुर्घटनेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या या मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए चषकाचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या उभ्याने सामना पाहणाऱ्या 10,100 प्रेक्षकांसाठी एका वेळी एकेकच माणूस आत सोडणारी अवघी सात फिरती फाटके होती. सामना दुपारी तीनला सुरू व्हायचा होता आणि अडीचच्या सुमारास फाटकांबाहेर एवढी दाटी झाली की तिथेच जीव जाण्याची भीती निर्माण झाली. ती कमी करण्यासाठी पोलिसांनी बाहेर पडण्याचे एक मोठे दार आतल्या दिशेने उघडले. त्या दारासमोरच एक बोगदा होता आणि तो उभ्या प्रेक्षकांच्या, कुंपणांनी विभागलेल्या जागेतील मधल्या दोन कप्प्यांत थेट उघडत होता. हे कप्पे आधीच भरलेले होते, तर दोन्ही कडेच्या कप्प्यांत भरपूर जागा शिल्लक होती. बोगद्याच्या तोंडाशी दोन-चार माणसे उभी करून लोकांना कडेला वळवले असते, तर पुढचे टळले असते. तसे कोणी केले नाही. मागून येणाऱ्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते आणि पुढच्यांसमोर लोखंडी कुंपण होते. एकूण 97 जणांचा बळी गेला.

त्यानंतर कित्येक वर्षे दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. 2016 मध्ये मृत्यूंच्या चौकशीतील ज्यूरीने हे बेकायदेशीर मनुष्यवधाचे मृत्यू ठरवले आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा दुर्घटनेला हातभार लागला नव्हता, असा स्पष्ट निष्कर्ष दिला. आपल्या समितीतील मंडळींनी दुर्घटनेच्या दिवशी कोण कुठे उभे होते आणि कोणते दार कुठे उघडत होते, एवढे जरी समजून घेतले, तरी बेशिस्तीचा मुद्दा आपोआप मागे पडेल, असे मला वाटते.

प्रतिसाद 2

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी गर्दीच्या हालचालींच्या नियोजनाचे काम करतो, त्यामुळे बैठकीत मांडता येतील असे काही आकडे देतो. ब्रिटनमधील क्रीडांगण सुरक्षेची मार्गदर्शिका, जिला ग्रीन गाइड म्हणतात, त्यासाठी उपयोगी आहे. एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसे आत येतात असे ती धरते. सपाट मार्गाच्या प्रत्येक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 आणि जिन्यावरून 66 माणसे बाहेर पडतात, असे तिचे प्रमाण आहे आणि सामना संपल्यावर स्टँड रिकामा व्हायला आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी अपेक्षा आहे.

आपल्या 6,000 प्रेक्षकांच्या स्टँडला हा हिशेब लावला, तर सगळे सामन्याआधीच्या एका तासात येतील असे मानून किमान दहा फाटके लागतात. बाहेर पडण्यासाठी सपाट मार्गांची एकूण रुंदी सव्वानऊ मीटरच्या आसपास हवी आणि वाट जिन्यावरूनच असेल, तर साडेअकरा मीटर हवी. यात एखादी वाट आगीमुळे किंवा पडझडीमुळे बंद पडली, तर काय होईल, तेही मोजले पाहिजे. आग लागल्यास किती वेळात बाहेर पडायचे, हे बांधकाम कशाचे आहे यावर ठरते आणि ही मुदत अडीच मिनिटांइतकी कमीही असू शकते.

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. स्टँडची क्षमता म्हणजे खुर्च्यांची संख्या नव्हे. किती माणसे वेळेत आत येऊ शकतात, किती सुरक्षितपणे सामावतात, किती बाहेर पडू शकतात आणि आणीबाणीत किती निघू शकतात, असे चार आकडे काढायचे आणि त्यांतला सर्वांत लहान आकडा हीच क्षमता मानायची. खुर्च्या 6,000 असल्या आणि वाटा 4,500 जणांपुरत्या असल्या, तर तिकिटे 4,500 छापावीत. आयोजकांना हे रुचत नाही, कारण उत्पन्न बुडते. तरी या मुद्द्यावर आपण तडजोड करू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. तिकिटे नसलेली माणसेही येतील, असे गृहीत धरावे. बेंगळुरूत 4 जून 2025 रोजी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर 11 जण दगावले. तेव्हा सामना नव्हता, विजयाचा सत्कार होता. फाटकाबाहेरची जागा ही मैदानाइतकीच आपली जबाबदारी आहे, आणि तिकीट तपासणी दाराला चिकटून न करता बरीच अलीकडे, मोकळ्या जागेत केली, तर दाराशी लोंढा साचत नाही.

प्रतिसाद 3

कुंपणाविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण ते लोकांना सुरक्षेचे साधन वाटते. 11 मे 1985 रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या मैदानावर जुन्या लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत संपूर्ण स्टँड ज्वाळांनी वेढला. 56 जण गेले. स्टँडच्या मागच्या बाजूला धावलेल्यांपैकी अनेकांना दारे बंद सापडली. समोर मात्र कुंपण नव्हते, म्हणून शेकडो माणसे मैदानावर उतरून वाचली. समोर जाळी असती, तर बळींचा आकडा किती झाला असता, याची कल्पनाही करवत नाही.

बंद दारांना अश्रुधुराची जोड मिळाली की परिणाम भयंकर होतो. पेरू देशातील लिमा येथे 24 मे 1964 रोजी पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावर लोक जिन्यांवरून खाली धावले आणि तळाची पोलादी दारे बंद होती. तेथे 328 मृत्यू नोंदले गेले. 1 ऑक्टोबर 2022 रोजी इंडोनेशियात मलंगजवळच्या कांजुरुहान मैदानावर हाच प्रकार घडला आणि 135 जणांचा जीव गेला. मैदानात अशा वायूचा वापर करू नये, असे फिफाचे सुरक्षा नियम स्पष्ट सांगत असताना हे झाले. त्यामुळे बंदोबस्ताच्या आदेशातच अश्रुधुराचा वापर नाही, असे लेखी नमूद करून घ्यावे. कुंपण घालणे टाळता येत नसेल, तर त्यात मैदानाकडे उघडणारी दारे असावीत, ती चावीविना उघडावीत आणि प्रत्येक दारापाशी एक माणूस पूर्णवेळ असावा, ज्याला विचारून नव्हे, तर पाहून दार उघडण्याची मुभा असेल.

प्रश्नकर्ती

तिन्ही प्रतिसादांसाठी मनापासून आभार. चार आकड्यांचा मुद्दा मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. दोन गोष्टी अजून स्पष्ट हव्या आहेत. दाटी धोकादायक झाली हे कॅमेऱ्यावर पाहणाऱ्याने कशावरून ओळखावे? आणि ओळखल्यावर सामना थांबवण्याचा किंवा उशिरा सुरू करण्याचा निर्णय कोणी घ्यावा? प्रक्षेपण ठरलेल्या वेळीच सुरू झाले पाहिजे, असा दबाव आतापासूनच जाणवतो आहे.

प्रतिसाद 4

मी आपत्कालीन वैद्यकातली डॉक्टर आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करते. अशा दुर्घटनांत माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बरेच जण उभ्या उभ्या गुदमरतात. छातीवर चहूबाजूंनी एवढा दाब येतो की फुप्फुसे फुलायला जागा उरत नाही. अशा माणसाला ओरडताही येत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावर आरडाओरडा शोधण्यात अर्थ नाही. प्रत्येक चौरस मीटरमध्ये चार-पाच माणसे असतील, तर डोक्यांच्या मधे मधे खांदे दिसतात आणि माणसे वळू शकतात. सातच्या पुढे गर्दी एकसंध होते, एका टोकाचा रेटा लाटेसारखा दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि कोणालाच आपले पाऊल आपल्या इच्छेने टाकता येत नाही. अशी लाट एकदा जरी दिसली, तरी धोका सुरू झाला असे समजावे. हात वर काढता न येणारी माणसे, कुंपणावर चढू पाहणारे तरुण, मुलांना डोक्यावरून पुढे देणारे पालक ही त्याआधीची लक्षणे आहेत. कुंपणावर चढणाऱ्याला हुल्लडबाज समजून खाली ढकलण्याची चूक हिल्सबरोला झाली होती.

अशा वेळी मदत मिनिटांत पोहोचावी लागते. हिल्सबरोला प्रेक्षकांनी जाहिरातींचे फलक उखडून त्यांचेच स्ट्रेचर केले, कारण मैदानावर पुरेशी साधने पोहोचलीच नाहीत. रुग्णवाहिका कोणत्या वाटेने आत येईल, ती वाट सामना सुटल्यावरही मोकळी राहील का, आणि स्टँडमधल्या स्वयंसेवकांपैकी किती जणांना छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रथमोपचार (सीपीआर) येतात, हे आधीच पाहून ठेवावे.

निर्णयाबद्दल माझे मत ठाम आहे. नियंत्रण कक्षात एकच सुरक्षा अधिकारी असावा. पंच, आयोजक, पोलीस आणि प्रक्षेपक यांच्याशी त्याचा थेट संपर्क असावा आणि सामना थांबवायला त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागू नये. हा अधिकार प्रक्षेपकाच्या करारातही लिहून घ्यावा, म्हणजे त्या दिवशी वाद उरत नाही. बाहेर लोक साचले असतील, तर सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू होईल, असे ध्वनिक्षेपकावरून आणि दाराबाहेरही तत्काळ जाहीर करावे. सुरुवात चुकेल ही भीती गेली की मागचा रेटा बऱ्याच अंशी ओसरतो. हिल्सबरोच्याच मैदानावर 1987 च्या उपांत्य सामन्याची सुरुवात याच कारणासाठी पुढे ढकलली गेली होती. उद्घोषणेचा मजकूर आजच लिहून काढा आणि रिकाम्या मैदानात ध्वनिक्षेपक लावून तो स्टँडच्या शेवटच्या रांगेत आणि फाटकाबाहेर नीट ऐकू येतो का, हे स्वतः तिथे उभे राहून तपासा.